सासवण्याचे घर आणि पेणचा साचा

गणपतीच्या मूर्ती कोणत्या पदार्थाच्या असाव्यात, याविषयी महाराष्ट्रात जो वाद पाच वर्षे चालला तो २०२५ साली एका तडजोडीपर्यंत येऊन पोहोचला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना बंदी करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांची अंमलबजावणी वर्षामागून वर्षे लांबत गेली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोरपणे व्हावी असे बजावले, आणि जूनमध्ये तज्ज्ञ समितीचा अहवाल पाहिल्यावर त्याच न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक देऊन नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन तेवढे होऊ नये असे सांगितले. पुढे जुलैत सहा फुटांची रेषा आखली गेली. तिच्या आतील मूर्तींसाठी कृत्रिम तलाव आणि तिच्यावरील मूर्तींना सवलत, असा तो मार्ग होता. एकीकडे पाण्याचे प्रदूषण आणि दुसरीकडे हजारो कुटुंबांची चूल, या दोहोंमध्ये न्यायालयाला दुसरे काय करता आले असते, हा प्रश्न निराळा.

या वादात रसायनशास्त्र बोलले, कायदा बोलला, अर्थकारण बोलले. पेण शहरातले आणि हमरापूर, जोहे या गावांतले कारखानदार मोर्चे घेऊन निघाले, त्यांच्या पाठीशी राजकीय पक्ष उभे राहिले. परंतु ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप, त्या मूर्तीच्या रूपाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. शाडूची असो वा प्लास्टरची, ती मूर्ती दिसते कशी, तिची घडण कोणी केली, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिच्यात नवे असे काय आले, हा प्रश्न जणू प्रश्नच नव्हता. वस्तुतः पेणच्या धंद्याचे पुढील पन्नास वर्षांचे भवितव्य या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून आहे असे आमचे मत आहे.

पेणची कीर्ती एका रात्रीत झालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवधर घराण्याने तेथे ज्या कामाला धंद्याचे स्वरूप दिले, त्याचा वेल आज तालुकाभर पसरला आहे. वडखळच्या नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाचा रेंगाळलेला पसारा आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहने यांच्यामधून श्रावणात गणपतींनी भरलेले टेम्पो वाट काढताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या धंद्याचा आवाका सांगण्याची गरज नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर त्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातच जहाजाने रवाना होतात. डोळ्यांची आखणी करावी ती पेणच्या कारागिराने, असा लौकिक आहे, आणि तो खोटा नाही.

मात्र हा लौकिक आखणीचा आणि रंगकामाचा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घडण साच्यात होते. कुशल हात मातीचा एक मूळ नमुना तयार करतो, त्यावरून रबरी साचा निघतो, आणि त्या साच्यातून हंगामभर शेकडो मूर्ती बाहेर पडतात. प्लास्टरची भुकटी पाण्यात कालवली की घटकाभरात घट्ट होते आणि पोकळ, हलकी मूर्ती हाती येते. शाडू मात्र वजनाला जड, वाळायला सावकाश आणि प्रवासात ठिसूळ. म्हणून प्लास्टर आले, हे समजण्यासारखे आहे. समजण्यास कठीण असे पुढचे आहे. मूळ नमुनाच जेव्हा दुसऱ्या कुठल्या प्रसिद्ध मूर्तीची प्रतिकृती असतो, लालबागचा राजा, दगडूशेठ हलवाई, एखाद्या मालिकेतला बाळगणेश, तेव्हा एका नकलेच्या शेकडो नकला निघतात. माती बदलून यात काय फरक पडणार?

वडखळच्या नाक्यावर रस्ता फुटतो. दक्षिणेकडची वाट गोव्याला जाते आणि पश्चिमेकडची धरमतरचा पूल ओलांडून अलिबागला. अलिबागहून उत्तरेस, मांडव्याच्या बाजूला सासवणे हे समुद्रकाठचे गाव आहे. पेणपासून हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. या गावात ज्या शिल्पकाराचे घर आज संग्रहालय म्हणून उभे आहे, ते विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर १८९१ साली तेथेच जन्मले. घरी शेती होती, आणि हौसेखातर गणपतीच्या मूर्ती घडविण्याचा परिपाठ होता. आधुनिक महाराष्ट्राच्या शिल्पकलेतील एका श्रेष्ठ कलावंताचा हात प्रथम ज्या कामावर बसला, तेच काम आज पेणमध्ये चालते. ही गोष्ट पेणला फारशी ठाऊक नसावी, याचे नवल वाटते.

गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडले. गोऱ्या अधिकाऱ्यांविषयी आपल्या मनात जे काही असेल ते असो, फिरतीवर असताना भिंतीवरचे चित्र पाहून थबकणारे कलेक्टर नंतरच्या काळात किती झाले, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. जे. जे. नंतर करमरकर १९१६ च्या सुमारास सुरेंद्रनाथ टागोरांच्या प्रोत्साहनाने कलकत्त्यास गेले, तेथे त्यांचा जम बसला, मग लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षण झाले आणि पुढे ते मुंबईस परतले. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ साली अनावृत झालेला शिवछत्रपतींचा साडेतेरा फूट उंचीचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. माझगाव डॉकमध्ये तो ब्राँझमध्ये एकसंध ओतला गेला, तेव्हा शिल्पकाराचे वय चाळिशीच्या आत होते. ‘शंखध्वनी’सारखी त्यांची शिल्पे नावाजली गेली. पद्मश्रीचा सन्मानही झाला. १९६७ साली ते निवर्तले.

एवढे मोठे नाव झाल्यावरही या माणसाने आपल्या वाडीतल्या घराभोवती काय मांडून ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. नेत्यांचे व थोरांचे अर्धपुतळे तेथे आहेत, ते असायचेच, कारण व्यक्तिशिल्प हा त्या काळच्या शिल्पकाराचा पोटापाण्याचा भाग होता. पण पाहणाऱ्याची पावले खिळतात ती त्यांच्यापाशी नव्हे. ती म्हशीपाशी खिळतात. हुबेहूब म्हैस, अगदी आपल्या गोठ्यातली. कोळीण आहे, कष्टकरी आहेत, कुत्रे आहे. दीडशेच्या आसपास शिल्पांचा हा परिवार काही घरात आणि काही बागेत नांदतो. कलकत्ता आणि लंडन पाहून आलेल्या डोळ्यांनी अखेर शेजारीपाजारीच विषय शोधले, आणि त्या विषयांना त्यांनी देवादिकांच्या बरोबरीची मेहनत दिली.

बारकाईने पाहणाऱ्याला येथे पुष्कळ शिकता येते. म्हशीच्या अंगाचा भार चार पायांवर कसा वाटला जातो, पाठीचा कणा कोठे उचलतो आणि पोट कोठे लोंबते, हे ज्याने एकदा नीट पाहिले, त्याला गणपतीचे बसणे नव्याने सुचेल. गणपती हा लंबोदर. त्याच्या पोटाचा भार मांडीवर येतो की आसनावर, याचा विचार केल्यावाचून घडविलेली मूर्ती कितीही झगमगीत रंगविली तरी ती पाटावर ठेवलेली दिसते, बसलेली दिसत नाही. कोळणीच्या लुगड्याच्या घट्ट काष्ट्यात वस्त्राखालच्या शरीराची हालचाल दिसते. आपल्या मूर्तींचे पीतांबर बहुधा नुसत्या समांतर रेघांचे असते. पृष्ठभागाचेही तसेच आहे. कोठे गुळगुळीत ठेवावे आणि कोठे बोटांचा ठसा राहू द्यावा, याचे तारतम्य छायाचित्रात कळत नाही. त्यासाठी शिल्पाभोवती फिरावे लागते, उजेड बदलेपर्यंत थांबावे लागते. एका वाटेने पाहून दुसऱ्या वाटेने बाहेर पडणाऱ्यांसाठी हे ठिकाण नाही.

दुर्दैवाने येणाऱ्यांपैकी बरेचसे तसेच असतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, आणि मुंबईचा पैसेवाला वर्ग अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावर पूर्वीपेक्षाही वेगाने उतरला. त्यांच्या बंगल्यांना बागा आहेत आणि बागांना शोभेच्या वस्तू हव्या आहेत. जुन्या कलावंताच्या घरी एक फेरी मारावी, भ्रमणध्वनीवर दोन-चार छायाचित्रे घ्यावीत, आणि ‘प्रेरणा’ मिळाली असे म्हणत तसलीच एक पाणी भरणारी बाई सिमेंटमध्ये पाडून घ्यावी, अशी एक रीत हल्ली जगभर पडली आहे. लोक येतात हे काही वाईट नाही, रिकाम्या संग्रहालयापेक्षा गर्दीचे बरेच. परंतु प्रेरणा हा शब्द येथे उचलेगिरीचे सभ्य नाव म्हणून वापरला जातो, हे म्हटलेच पाहिजे. पेणच्या साच्यात जी खोट आहे, तीच या हौशी अभिरुचीत आहे. फरक असला तर इतकाच की पेणच्या कारागिराला पोट आहे.

सिमेंटची गोष्ट निघाली आहे तर तिच्यापाशी थोडे थांबू. ब्राँझ महाग आणि संगमरवर दूरचा. करमरकरांनी पुतळ्यांसाठी ही माध्यमे वापरलीच, पण सिमेंट या गवंड्याच्या मालालाही त्यांनी शिल्पाचे माध्यम केले. त्याच सुमारास शांतिनिकेतनात रामकिंकर बैज सिमेंट आणि लाल खडी यांचे मिश्रण घेऊन उघड्यावर माणसाहून मोठी शिल्पे रचीत होते. त्यांचे ‘संथाळ कुटुंब’ १९३८ चे आहे. दोघांचे मार्ग अगदी वेगळे, एक आकृतीच्या हुबेहूबपणावर प्रभुत्व असलेला आणि दुसरा आकृती मोडून नवी करणारा. परंतु हाताशी असलेल्या स्वस्त पदार्थाकडे दोघांनीही कमीपणाने पाहिले नाही. शाडू की प्लास्टर या वादात पाच वर्षे घालविणाऱ्यांनी, आणि यापुढे कागदाचा लगदा, तांबडी माती असे पर्याय चाचपणाऱ्यांनी, ही दृष्टी लक्षात घ्यावी. माध्यम बदलले की आकारही बदलावा लागतो. प्लास्टरसाठी काढलेला, पातळ कानांचा आणि अधांतरी हातांचा नमुना शाडूत उतरवायला गेले तर तो मोडणारच, आणि मग शाडूला नाजूक म्हणून दोष दिला जातो. दोष नमुन्याचा असतो. हात अंगाला धरून असलेली, सोंड पोटावर विसावलेली, बुंध्याशी रुंद अशी मूर्ती शाडूत भक्कम होते आणि दिसतेही भारदस्त.

यावर पेणचा कारखानदार म्हणेल की हे सारे ठीक, पण गिऱ्हाईक लालबागचा राजाच मागते. त्याचे म्हणणे खोटे नाही. एका नव्या नमुन्यात महिना-दीड महिना घालवावा आणि तो बाजारात चालू नये, हा धोका कर्ज काढून हंगाम उभा करणाऱ्या माणसाने का पत्करावा? म्हणूनच हा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला महाराष्ट्राचा राज्य महोत्सव म्हणून घोषित केले. या घोषणेतून रोषणाई आणि स्पर्धा निघतील तशा दहा चांगल्या मूळ नमुन्यांच्या शिष्यवृत्त्याही निघायला काय हरकत आहे? नमुना घडविणाऱ्या तरुण कारागिराला दोन महिने निर्वाहाचा खर्च द्यावा, त्याला सासवण्यास पाठवावे, जे. जे. च्या शिल्पकला विभागातील विद्यार्थ्यांबरोबर बसवावे, आणि तयार होणारा नमुना त्याच्या नावाने नोंदवून द्यावा. शासनाच्या खर्चात ही रक्कम दिसणारसुद्धा नाही.

शिक्षकांनाही येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला, बसणाऱ्या मुलांना संकल्पचित्र नावाचा विषय असतो. दिलेल्या आकारात पाने-फुले वा भौमितिक आकृत्या यांची रचना करायची, हा त्याचा गाभा. या विषयाची तयारी बहुतेक ठिकाणी बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तिकांवरून होते, आणि रायगड जिल्ह्यातला मुलगा ज्या पानाची आकृती काढतो ते पान त्याने बहुधा कधी पाहिलेले नसते. अनेक शाळांत चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक उरलेला नाही, ही अडचण आहेच. तथापि रायगड किल्ला, जंजिरा, अलिबागचा कुलाबा किल्ला अशा सहली दरवर्षी निघतात, त्यांतल्या अलिबागच्या सहलीला सासवण्याचे दोन तास जोडणे कोणत्याही मुख्याध्यापकाला अवघड नाही. मात्र मुलांच्या हातात वही आणि पेन्सिल असावी, आणि प्रत्येकाने एकाच शिल्पासमोर बसून ते तीन बाजूंनी काढावे. अर्धा तास म्हशीकडे पाहिलेल्या मुलाला परत जाताना रस्त्यातल्या म्हशी वेगळ्या दिसतील.

आता या घराच्या जतनाचा प्रश्न. शिल्पकाराच्या पश्चात कुटुंबीयांनी ते सांभाळले आणि लोकांसाठी खुले ठेवले, हे महाराष्ट्रावर उपकारच आहेत. परंतु समुद्राची खारी हवा ही कोणाच्या निष्ठेला दाद देणारी नाही. सिमेंटच्या शिल्पाच्या पोटात लोखंडी सळ्या असल्या की क्षार आत शिरतात, लोखंड गंजते, गंजाने फुगते आणि वरचा थर तडकतो. प्लास्टरला दमट हवा सोसत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. शिल्पांची वेळोवेळी तज्ज्ञाकडून तपासणी, प्रत्येक शिल्पाची मापे व छायाचित्रांसह नोंद, गंजू लागलेल्या सांगाड्यांवर उपचार, ही कामे एका कुटुंबाच्या ऐपतीवर सोडून देण्याजोगी नाहीत.

अन्यत्र हा प्रश्न कसा सुटला ते पाहता येते. इंग्लंडच्या सेंट आयव्ह्ज या मच्छीमारी गावातील बार्बरा हेपवर्थ या शिल्पकर्तीचे घर आणि बाग तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९७६ साली, कुटुंबीयांनी खुली केली; १९८० पासून तिची व्यवस्था राष्ट्रीय कलासंस्था असलेल्या टेट गॅलरीकडे गेली. पॅरिसमध्ये रोदँने १९१६ साली आपली शिल्पे राष्ट्राला दिली आणि १९१९ मध्ये त्याचे संग्रहालय उघडले. तेथे मूळ साच्यांवरून प्रत्येक शिल्पाच्या ठरावीक संख्येच्याच अधिकृत प्रती ओतल्या जातात आणि त्या उत्पन्नावर संस्था चालते. आपल्याकडेही चंद्रकांत मांडरे यांनी कोल्हापुरातील राजारामपुरीतले आपले राहते घर चित्रांसह शासनाला दिले व ते संग्रहालय झाले. शासनाने सर्वच ताब्यात घ्यावे असे आम्हांस मुळीच सुचवायचे नाही, सरकारी कुलपाचा अनुभव कोणाला नाही! घर कुटुंबाकडे राहावे, जतनाचा खर्च आणि तज्ज्ञ शासनाने द्यावेत, एवढे पुरे.

रोदँच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती निकडीची आहे. भारतीय कायद्याप्रमाणे कलाकृतीवरील स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे टिकतो. करमरकर १९६७ साली गेले, तेव्हा ही मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. त्यानंतर त्यांच्या शिल्पांच्या प्रती काढण्यास कोणालाही मोकळीक राहील. त्रिमिती मोजणी करणारी यंत्रे आता लहान शहरांतही मिळतात, आणि रबरी साचा काढण्याचे कसब तर पन्नास किलोमीटरवर, पेणमध्येच आहे. बंगल्यांच्या बागांना शोभेच्या वस्तू हव्यातच. तेव्हा २०२८ च्या हंगामात वडखळच्या नाक्यावरून जाणाऱ्या टेम्पोंत गणपतींच्या शेजारी पांढऱ्या प्लास्टरच्या कोळणी आणि म्हशी दिसू लागल्या तर आश्चर्य नको. मूळ शिल्पांची मापे व छायाचित्रांची अधिकृत नोंद तोवर तयार नसेल, तर कोणती प्रत खरी आणि कोणती बिघडलेली हे सांगायलाही आधार राहणार नाही.

जिल्हा प्रशासन, कला संचालनालय, जे. जे. ची शिल्पकला शाखा आणि पेणच्या मूर्तिकारांची संघटना, या चौघांनी करमरकर कुटुंबीयांना बरोबर घेऊन हे काम हाती घ्यायचे तर वेळ फार नाही. आरंभ मात्र साधा आहे. अनंत चतुर्दशीनंतर पेणच्या कारखान्यांत रबरी साचे धुऊन ठेवले जातात आणि नव्या हंगामाच्या मागण्या येईपर्यंत कारागिरांना थोडी उसंत असते. पाऊस ओसरत आलेला असतो, धरमतरच्या पुलावरून जाणारा रस्ता त्या दिवसांत तुलनेने मोकळा असतो. मूळ नमुने घडविणारे वीस-पंचवीस कारागीर एका एस.टी.त सहज मावतात.